प्रोसेसर बदलला, पण आधी बोर्डाला विचारलं

आमच्या वाचनालयात एका जुन्या त्रैमासिकाचे बांधीव खंड आहेत. ते स्कॅन करायचे आणि त्यातला मजकूर शोधता येईल असा करून द्यायचा, हे काम मी हौसेने अंगावर घेतलं. स्कॅनिंगचं विशेष काही नाही, रेडिओ लावायचा आणि पानं उलटत बसायचं. वेळ खातो तो ओसीआर, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. टेसरॅक्ट नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे, त्यात मराठीची सोय आहे. २०१८ साली त्याची चौथी आवृत्ती आली तेव्हापासून तो अक्षरं ओळखायला न्यूरल नेटवर्क वापरतो. त्यामुळे देवनागरी पूर्वीपेक्षा खूपच बरी वाचतो, पण यंत्राकडून तशीच मेहनतही करून घेतो. शिशाच्या खिळ्यांनी छापलेलं, शाई जराशी फुटलेलं पान त्याच्यापुढे ठेवलं की 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' करत तो शांतपणे चालत राहतो, आणि तोवर कॉम्प्युटरवर दुसरं काही करायची सोय राहत नाही.

कॉम्प्युटर २०१२च्या सुरुवातीला जुळवून घेतलेला. प्रोसेसर कोअर आय३-२१००, म्हणजे इंटेलची दुसरी पिढी, सँडी ब्रिज. दोन कोअर म्हणजे काम करणारे दोन गाभे, चार थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी चार कामं, आणि वेग ३.१ गिगाहर्ट्झ. मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा, त्या काळी सगळ्यात स्वस्तात मिळणारा; चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग एकमेकांशी जोडणारी चिप. रॅम पुढे वाढवून ८ जीबी केलेली, हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवलेली. विंडोज केव्हाच काढून लिनक्स मिंट टाकलेलं. त्यामुळे रोजच्या वापराला तक्रार अशी नव्हतीच.

भाच्याने ऐकल्या ऐकल्या सांगितलं, "मामा, सरळ नवीन घे ना. किती दिवस त्या डब्याला कवटाळून बसणारेस?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. पण सगळं ठणठणीत चालत असताना एका कामापायी पूर्ण यंत्र बदलायचं माझ्या जिवावर येत होतं. शिवाय मला आधी बघायचं होतं की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय. टर्मिनलमध्ये एचटॉप, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम किती कामात आहेत ते दाखवणारा प्रोग्रॅम, चालू केला आणि शंभरेक पानांचा एक अंक ओसीआरला लावला. चारही थ्रेडच्या पट्ट्या टोकाला भिडलेल्या, रॅम निम्मी रिकामी, एसएसडीचा दिवा मधूनच एखादा डोळा मिचकावणार. हे चित्र असं दिसलं तरच प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे. बहुतेक जुन्या कॉम्प्युटरांचं दुखणं वेगळंच असतं. हार्डडिस्क जुनी असते किंवा रॅम चार जीबी असते, आणि माणसं प्रोसेसरवर पैसे घालून पुन्हा ब्राउझर उघडायची वाट बघत बसतात. कुणी मला विचारलं तर मी आधी एसएसडीचंच विचारतो.

पैसे खर्चण्याआधी एक उपाय फुकटचा होता. टेसरॅक्ट एकाच पानासाठी चार थ्रेड वापरतो, पण एका पानाचं काम चौघांत वाटून घेण्यात त्याचा बराच वेळ वाया जातो. त्याऐवजी त्याला एका पानाला एकच थ्रेड वापरायची मर्यादा घालायची आणि एकाच वेळी चार वेगवेगळी पानं चालवायची. एवढ्यानेच कामाला चांगला उठाव आला. आणि त्यातून पुढचं गणितही सरळ झालं: जितके कोअर जास्त, तितकी पानं एकदम.

आता कुठला प्रोसेसर घ्यायचा? इथे दुकानदाराला विचारून उपयोग नसतो, नेटवरच्या तक्त्यांनाही नाही. विचारायचं ते बोर्डाला. बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५५. या सॉकेटवर दोन पिढ्या बसतात. २०११ची सँडी ब्रिज, ३२ नॅनोमीटरची, आणि २०१२च्या एप्रिलमध्ये आलेली आयव्ही ब्रिज, २२ नॅनोमीटरची. २०१३ची चौथी पिढी एलजीए ११५० वर गेली, म्हणजे आमचा रस्ता तिथे संपला. या रस्त्याच्या टोकाला उभा आहे तो आय७-३७७०. चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ गिगाहर्ट्झ, जोर लावला की ३.९, आणि ७७ वॅट.

पण सॉकेट जुळलं म्हणजे चिप चालेलच असं नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची एक यादी असते. कुठला प्रोसेसर चालतो आणि बायोसच्या (यंत्र सुरू होताना बोर्डावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) कुठल्या आवृत्तीपासून चालतो, ते तिच्यात लिहिलेलं असतं. त्यासाठी आधी बोर्डाचं पूर्ण नाव हवं, आणि नावाबरोबर रिव्हिजन नंबरही. तो बोर्डावरच बारीक पांढऱ्या अक्षरात कोपऱ्यात छापलेला असतो. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनांना दोन वेगळ्या बायोस फाइली असू शकतात आणि एकीची फाइल दुसरीत घालणं म्हणजे बोर्डावर पाणी सोडणं. टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये डोकं घातलं, नंबर वाचला, फोटो काढून ठेवला.

यादीत आय७-३७७० होता. त्याच्यापुढे बायोसची जी आवृत्ती लिहिली होती ती माझ्याकडच्या आवृत्तीच्या बरीच पुढची. माझा बायोस २०११चा, म्हणजे आयव्ही ब्रिज बाजारात यायच्याही आधीचा. त्याला ही चिप ओळखूच आली नसती.

मग मनात एक पळवाट आली. आय७-२६०० हाही चार कोअर आठ थ्रेडचाच, ३.४ गिगाहर्ट्झचाच, पण सँडी ब्रिज. तो घेतला तर बायोसला हात लावायची गरज नाही, जुना काढा आणि हा बसवा. पण तो ९५ वॅटचा. यादीत ९५ वॅटच्या चिपा होत्या, म्हणजे कंपनीच्या मते बोर्ड ते झेपवतो. मात्र माझ्या बोर्डावर सॉकेटच्या बाजूला वीज नियंत्रित करणारे जे मॉस्फेट आहेत त्यांच्यावर हीटसिंकचा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा, साधा पत्राही नाही, उघडेबोडके बसलेत. तासन् तास पूर्ण ताकदीने चालणारं काम, त्यात आमच्याकडचा मे महिना. ७७ आणि ९५ मधला फरक मला कागदावरच्यापेक्षा मोठा वाटला. झिऑन ई३-१२३० व्ही२ बद्दलही वाचलं होतं. ६९ वॅट, आठ थ्रेड, आणि काही ठिकाणी आय७पेक्षा स्वस्त. पण त्यात ग्राफिक्स नाही. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे मॉनिटर अंधारातच राहिला असता. 'के' अक्षराची चिप घेण्यात तर काहीच हशील नव्हतं, एच६१ वर ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर पळवणं, होतच नाही.

तेव्हा ठरलं, आय७-३७७०. ओसीआर नसता तर मी आय५-३४७० घेऊन गप्प बसलो असतो. तो निम्म्या किमतीत मिळतो, त्यालाही खरे चार कोअर आहेत, आणि घरगुती वापरात दोघांतला फरक कुणाला कळणारही नाही.

चिप आणायच्या आधी बायोस अपडेट करायचं मी मुद्दाम ठरवलं. एक तर नवीन बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच टाकावा लागतो, कारण नव्या प्रोसेसरवर जुना बायोस सुरूच होत नाही. आणि दुसरं, या कामात बोर्ड गेलाच तर निदान चिपेचे पैसे तरी खिशात राहतील.

सगळ्या प्रकरणात भीती वाटावी असा भाग हाच. प्रोसेसर बसवताना हात थांबवता येतो, पुन्हा काढता येतो. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड मेला. मग बायोसची चिप प्रोग्रॅम करून देणारा कुणीतरी शोधत फिरायचं. यूपीएसची बॅटरी थकली होती, ती आधी बदलून घेतली. मेंटेनन्ससाठी वीज जायचा वार टाळला. इन्व्हर्टर असलेल्या घरांनीही इथे बेफिकीर राहू नये. पंखा-दिव्यांना पुरणारा इन्व्हर्टर वीज गेल्यावर जो क्षणभर अडखळतो, तेवढा क्षणही पुरतो.

पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला आणि फाइल त्यावर टाकली. सूचना नीट वाचल्या तर लक्षात आलं की थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. आधी मधली एक आवृत्ती टाकायची, तिच्याबरोबर बोर्डातल्या मॅनेजमेंट इंजिनचं (चिपसेटमधला इंटेलचा छोटा स्वतंत्र नियंत्रक) फर्मवेअर बदलतं, आणि मगच पुढची स्वीकारली जाते. एच६१च्या काळातल्या बऱ्याच बोर्डांवर हे असं आहे, कारण आयव्ही ब्रिजला त्या इंजिनाची आठवी आवृत्ती लागते. आणि एकदा पुढे गेलं की मागे यायचा रस्ता बहुधा बंद असतो.

अपडेटला बसण्याआधी बायोसच्या प्रत्येक पडद्याचे मोबाइलवर फोटो काढले. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नये. अपडेटनंतर सगळ्या सेटिंग कंपनीच्या मूळच्या होतात, आणि त्यात साटाची, म्हणजे डिस्कशी बोलायची, पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर जाऊन बसू शकते. लिनक्स ते बहुतेक वेळा निभावून नेतं. विंडोज मात्र निळा पडदा दाखवून अंग टाकतं, आणि माणूस समजतो प्रोसेसरच खराब आला.

बायोसमधलाच फ्लॅश करायचा पर्याय निवडला. पडद्यावर एक पट्टी. आधी जुनं पुसलं, मग नवं लिहिलं, मग तपासलं. तपासणीच्या वेळी पट्टी एका जागी इतकी रेंगाळली की मी खुर्चीतून उठून यूपीएसच्या दिव्याकडे बघून आलो. मग पडदा काळा झाला, पंखा पूर्ण वेगात ओरडला, आणि यंत्र आपसूक बंद होऊन पुन्हा सुरू झालं. आवृत्तीच्या जागी नवा आकडा होता. त्यानंतर तोच खेळ शेवटच्या आवृत्तीसाठी. सेटिंग फोटोंवरून परत भरल्या, आय३वरच काही दिवस यंत्र चालवलं, आणि ते विनातक्रार चालतंय अशी खात्री झाल्यावर लॅमिंग्टन रोडला निघालो.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत गेलं की हा रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तोंडात सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोडच. नव्या मालाच्या झगमगीत दुकानांत तिसऱ्या पिढीचं नाव काढलं तर माणसं आपल्याकडे दयेने बघतात. जुना माल आतल्या गाळ्यांत, जिन्यांखाली, पहिल्या मजल्यांवर. कंपन्यांनी भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर मुदत संपली की लॉटने विकले जातात. ते इथे येऊन सुटे होतात, रॅम एका खोक्यात, प्रोसेसर दुसऱ्यात.

गाळ्यातल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बोर्ड कौनसा है?"

मी म्हणालो, "एच सिक्स्टी वन."

"बायोस अपडेट किया? नहीं किया तो डिस्प्ले नहीं आएगा, फिर वापस मत लाना।"

केलाय म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि प्लॅस्टिकचा ट्रे पुढे सरकवला.

जुनी चिप घेताना बघायचं काय? वरच्या धातूच्या झाकणावर मॉडेल कोरलेलं असतं, ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचं. ३७७०च्या पुढे 'एस' असेल तर ती ६५ वॅटची, ३.१ गिगाहर्ट्झची, 'टी' असेल तर ४५ वॅटची आणि फक्त २.५ची. तिन्ही आय७च, घाईत तिन्ही एकाच भावात गळ्यात मारल्या जातात. साध्या ३७७०वर एसआर०पीके असा सांकेतिक क्रमांक असतो, तो जुळवून पाहिला. 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेलं असेल तर ती विक्रीसाठी नसलेली चाचणीची चिप, ती परत ठेवायची. मग उलटी करून खालचे सोनेरी ठिपके बघायचे. कुठे ओरखडा, काळवंडलेला ठिपका, कोपऱ्याला टवका आहे का. खालच्या बाजूला मधोमध जे इवले इवले कपॅसिटर असतात त्यातला एखादा उडालेला नाही ना. वर जुन्या थर्मल पेस्टचे, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या लेपाचे, डाग असले तरी हरकत नाही.

भाव करून तीन हजारांच्या थोडं वर सौदा जमला. सात दिवसांची चेकिंग वॉरंटी, बिलाच्या मागे पेनाने लिहिलेली. त्याच गाळ्यातून इंटेलचाच एक जुना हीटसिंक घेतला, मधोमध तांब्याचा गाभा असलेला. माझ्या आय३बरोबर आलेला हीटसिंक बुटका, निव्वळ ॲल्युमिनियमचा. तो या चिपेला पुरणार नाही हे उघड होतं. बरं हे की एलजीए ११५६, ११५५, ११५० आणि ११५१ या सगळ्यांची हीटसिंकची भोकं ७५ मिलिमीटरवरच आहेत, त्यामुळे जुन्या बाजारात जुळणारा मिळायला त्रास पडत नाही. फक्त त्याआधीच्या ७७५चा घेऊ नये, तिथे अंतर ७२ आहे. बाजूच्या दुकानातून पेस्टची ट्यूब, मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि बोर्डावरची तारीख-वेळ जपणारा सीआर२०३२ सेल.

बसवण्याच्या दिवशी आधी यंत्र थोडा वेळ चालू ठेवलं. इतक्या वर्षांची पेस्ट वाळून चिकटलेली असते, ऊब मिळाली की सैल पडते. मग बंद करून प्लगच काढून टाकला, नुसतं बटण नाही. आमच्या बिल्डिंगसारख्या जुन्या इमारतींत अर्थिंग नावालाच असतं आणि कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. त्या एसएमपीएसच्या, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमधून येतात. चिपेशी खेळताना ते अंगात नको. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दाबून धरायचं, उरलीसुरली वीज निघून जाते.

कॅबिनेट आडवं केलं. ब्लोअर गॅलरीत नेऊन मारला, घरात मारला असता तर घरच्यांनी मलाच बाहेर काढलं असतं. हीटसिंकच्या चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात, त्यांच्या डोक्यावर बाण. बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. तीन सुटल्या, चौथी जुनी होऊन ठिसूळ झाली होती, तिचं टोक मागच्या बाजूने चिमट्याने आवळून सोडवावं लागलं. हीटसिंक सरळ वर न उचलता आधी डावी-उजवीकडे थोडा हलवला. इंटेलच्या या सॉकेटात चिप लोखंडी पट्टीखाली दाबलेली असल्यामुळे ती हीटसिंकबरोबर उपटून येत नाही. एएमडीच्या एएम४ पर्यंतच्या पिनवाल्या चिपांत मात्र ते होतं, तिथे जास्त जपून.

खाली राखाडी, खडूसारखी कोरडी झालेली पेस्ट. आयपीएत भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून काढली. मग सॉकेटच्या बाजूची तार दाबून बाहेरच्या अंगाला सरकवली, वर घेतली, चौकट उघडली. आय३ दोन्ही कडांना बोटांनी धरून सरळ वर. त्याखाली सॉकेटच्या ११५५ पिना. केसांहून बारीक, सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की एका रांगेत चमकतात, आणि एखादी वाकलेली असेल तर त्या चमकेत लगेच खंड पडलेला दिसतो. इथे फुंकर नाही, कापड नाही, बोट तर नाहीच. पिना वाकल्या की बोर्ड गेला असंच समजायचं.

नवी चिप बसवणं हा या सगळ्यातला सगळ्यात छोटा भाग. चिपेच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, दोन कडांना खाचा असतात, सॉकेटातही तशाच. त्या जुळल्या की चिप सोडून द्यायची, ती आपल्या वजनाने बसते. दाबायचं नाही. त्यानंतर तार खाली घेताना मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव इथे वर-खाली होतो, पण तो आवाज तसाच यायचा असतो. खाचा जुळल्याची खात्री असेल तर न घाबरता तार अडकवावी.

पेस्ट मधोमध, मसुराच्या दाण्याएवढी. ती पसरवण्यावरून लोक हिरिरीने भांडतात, मी पसरवली नाही. हीटसिंकचा दाब ती पसरवतो. नव्या हीटसिंकच्या खुंट्या आधी मूळ स्थितीत फिरवून घ्यायच्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा 'टक' असा आवाज आला पाहिजे. आवाजावर विसंबू नये, बोर्डाच्या मागून टोकं पूर्ण बाहेर आलीत का ते बघावं. चारातली एक अर्धवट असली तर तापमान सगळं सांगतं, पण तेव्हा पुन्हा पेस्ट पुसून पहिल्यापासून. पंख्याची वायर, १२ व्होल्टचा चार पिनांचा कनेक्टर, नवा सेल.

बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. मॉनिटर काळा. अशा वेळी हात आपोआप प्लगकडे जातो, पण नवी चिप आणि जुनी रॅम यांची ओळख करून घ्यायला बोर्ड असा एकदोनदा बंद-चालू होतो हे मला ठाऊक होतं, म्हणून हाताची घडी घालून बसलो. एक बीप आला आणि पांढऱ्या अक्षरांत सूचना: नवा सीपीयू बसवला आहे, सेटअपमध्ये जा. सेटअपमध्ये नाव बरोबर, चार कोअर, हायपर-थ्रेडिंग चालू. तारीख-वेळ आणि साटाची पद्धत पुन्हा भरली. मिंट नेहमीसारखं उघडलं, जणू काही घडलंच नाही. इथे काहीच नव्याने टाकावं लागत नाही.

झाकण लावायच्या आधी तापमान बघायला हवं होतं. आठही थ्रेडवर ओसीआर सोडलं आणि सेन्सरचे आकडे बघत बसलो. सत्तर, बहात्तर, अठ्ठ्याहत्तर, आणि ऐंशीच्या आसपास येऊन टेकलं. या चिपेची वरची मर्यादा १०५ अंश, तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते. चारही कोअर कामात असताना घड्याळाचा वेग ३.७ गिगाहर्ट्झवर ठाम होता, म्हणजे काळजी नव्हती. आयव्ही ब्रिज तापते यात नवल नाही. सँडी ब्रिजमध्ये सिलिकॉन आणि वरचं झाकण यांच्यात डाख दिलेला होता, आयव्ही ब्रिजमध्ये इंटेलने तिथे साधी पेस्ट भरली. काही हौशी लोक झाकण उकलून ती बदलतात. तीन हजारांच्या चिपेवर तो उद्योग करायची माझी छाती झाली नाही. त्याऐवजी कॅबिनेटच्या मागे हवा बाहेर फेकणारा एक पंखा लावला, त्याने चार-पाच अंश उतरले.

मला जास्त संशय एसएमपीएसचा होता. त्यावर ४५० वॅट असं ठळक छापलंय, पण कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवरचा आकडा अर्धाच खरा मानावा. ग्राफिक्स कार्ड नसल्याने यंत्राची भूक एकूण कमीच, म्हणून तो टिकला. कुणी प्रोसेसरबरोबर ग्राफिक्स कार्डही टाकणार असेल तर त्याने एसएमपीएसपासून सुरुवात करावी.

आता फरकाचं. पूर्वी जो अंक पूर्ण व्हायला पाऊण तासाच्या वर लागत होता तो वीसेक मिनिटांत होतो. म्हणजे साधारण अडीच पट, आणि कागदावरचा हिशोबही तेवढाच येतो: कोअर दुप्पट, वर घड्याळाचा आणि नव्या पिढीचा थोडा हातभार. आठ पानं एकदम लावली तर मधूनच यंत्र जड होतं, म्हणून मी सहाच लावतो आणि उरलेल्या दोन थ्रेडवर तपासणीचं काम करतो. रॅम अजून १३३३ वरच धावते कारण पट्ट्याच तशा आहेत. चिपेला १६०० चालतात, पण त्यासाठी डीडीआर३ नव्याने विकत घेणं मला पटत नाही.

बाकी कशात फार फरक पडला नाही, आणि तो पडेल अशी आशा कुणी धरू नये. ब्राउझर तितक्याच वेळात उघडतो. एसएसडीचा वेगही तोच, कारण एच६१ वरचे साटा पोर्ट सेकंदाला ३ गिगाबिटचेच. यूएसबी ३ चिपसेटमध्येच नाही, ते प्रोसेसर बदलून येत नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तेव्हा विंडोजवरच राहायचं असेल तर या वयाच्या यंत्रात तीन हजारही घालू नयेत, तिथे भाच्याचंच म्हणणं खरं.

त्याच भाच्याचा परवा फोन आला. ऑफिसने जुने कॉम्प्युटर कर्मचाऱ्यांना स्वस्तात दिले, त्यातला एक याने उचलला. "मामा, तुझ्यासारखाच आहे, आय३ दुसरी पिढी. आय७ तिसरी पिढी टाकून देशील का?" बोर्डाचा फोटो पाठव म्हटलं. फोटोत चिपसेट निघाला क्यू६५. ऑफिससाठी बनलेल्या बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ या चिपसेटना इंटेलने आयव्ही ब्रिजचा आधार दिलाच नाही. सॉकेट तेच, तरी दार बंद. त्याला म्हटलं, यात दुसऱ्या पिढीचाच आय५-२४०० टाकू, बायोसला हात लावायला नको, स्वस्तातही मिळेल. पण आधी सांग, आत हार्डडिस्क आहे की एसएसडी?

"हार्डडिस्क," तो म्हणाला.

"मग प्रोसेसरचं राहू दे. एसएसडी घेऊन ये, रविवारी बसवू."